नाकतोडा आमच्यात चालत नाही

सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून काढली, अर्ध्या महाराष्ट्रातल्या पोरांच्या हाफ पँटी माझ्याच कात्रीखालून गेल्या असा माझा समज आहे, खरं खोटं सिद्धरामेश्वराला माहीत. तर पुतण्यानं एका संस्थेतर्फे माझं युगांडाला जायचं जमवलं. तीन महिने, पोरींना शिवणकाम शिकवायचं, फुकट. आमची ही एवढंच म्हणाली, "जावा की, पण तिकडं खाणार काय?" आमचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मी बॅग दाखवली, तीन किलो शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या दोन थप्प्या. तालमीतला दोस्त मात्र हळहळला, "चुकीचा माणूस निघालाय बे, मला पाठवा की, मी टेबलाचे पाय सोडून सगळं खातो."

गाव मसाकाजवळ. कंपालाहून जाताना वाटेत विषुववृत्त लागतं, गाडी त्याच्यावरनं गेली तरी काही जाणवत नाही, होटगी रोडवरच्या खड्ड्यात जास्त जाणवतं. राहायची सोय नालोंगोच्या घरी. हे बाईचं नाव नाही बरं का, जुळ्यांच्या आईला तिकडं मानानं नालोंगो म्हणतात आणि बापाला सालोंगो.

पहिल्याच सकाळी नालोंगोनं विचारलं, "वासुझे ओत्या, सेबो?" सेबो म्हणजे साहेब, आणि बाकीच्याचा अर्थ रात्र कशी गेली. आता एवढ्या आपुलकीनं विचारलंय म्हटल्यावर मी सगळं सांगितलं, मच्छरदाणीला भोक आहे, कोंबडा तीनलाच ओरडतो, शिवाय पोटात गॅस. बाई उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग तिच्या पोरानं तेच विचारलं, मग शेजाऱ्यानं, मग शाळेच्या वॉचमननं, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासनं सांगत गेलो. चौथ्या दिवशी एका मास्तरनं तोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं की यावर नुसतं "बुलुंगी", म्हणजे छान, म्हणायचं असतं. आपल्याकडं तरी "काय, बरंय का" म्हणणाऱ्याला कोण बीपीचा रिपोर्ट दाखवतंय!

चहाचं प्रकरण वेगळंच. तिथल्या बागांडा लोकांत बायका-पोरी मोठ्या माणसाशी बोलताना, काही देताना गुडघे टेकतात. वीस वर्षांची पोरगी कप घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसली तर मला काय करावं कळंना, घाबरून मीपण गुडघ्यावर बसलो, आणि दोघं जमिनीवर समोरासमोर, मधे कप. तिला हसू आवरंना, मला उठता येईना. मग वाटलं आपणही आपली रीत दाखवावी, म्हणून नालोंगोच्या सासूच्या पाया पडायला वाकलो. म्हातारीला वाटलं ह्याचं काहीतरी पडलंय. तीपण खाली वाकून शोधायला लागली.

जेवणात मटोके. हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानात गुंडाळून, वाफवून मऊ लगदा करतात. तिथं एमेरे म्हणजे जेवण आणि जेवण म्हणजे मटोके, जसं आपण दुपारी "भाकरी खाल्ली का" विचारतो तसं. पिवळा रंग बघून मला सत्यनारायणाचा शिरा आठवला, मी डावभर वाढून घेतलं, आणि तोंडात साखर नाही, मीठ नाही, केळं आणि बटाटा यांचं भांडण चाललेलं. वर गुलाबी रंगाची आमटी, आणि ती कशाची, तर शेंगदाण्याची! डोळ्यात पाणी आलं माझ्या, पण चव घेतली तर ना लसूण ना तिखट. शेंगदाणा परदेशात गेला की इतका सज्जन होतो हे माहीत नव्हतं. जगवलं मला किकोमांडोनं, म्हणजे चपातीचे तुकडे आणि घेवड्याची उसळ. चपातीला चपातीच म्हणतात, 1896 ते 1901 मध्ये मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला आपली हजारो माणसं नेली होती, त्या काळापासनं आपली माणसं तिकडं आणि त्यांच्याबरोबर चपातीही.

नोव्हेंबरात पाऊस झाला आणि एका रात्री माळावर गड्ड्याच्या यात्रेसारखा उजेड! जाऊन बघतो तर मोठमोठे बल्ब, तिरपे चकचकीत पत्रे, खाली पिंपं, आणि उजेडाला भुलून आलेले नाकतोडे पत्र्यावर आपटून घसरत पिंपात. याला न्सेनेने म्हणतात. दुसऱ्या दिवशी बायका मेथी निवडावी तशा बसून पंख, पाय तोडत होत्या. नालोंगोनं कांदा घालून तळलेली पहिली प्लेट पाहुण्याला आणली. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघतंय.

"आमच्यात चालत नाही," मी म्हटलं.

"अच्छा, म्हणजे तुमचं कुळ न्सेनेने का?"

भानगड अशी की त्यांच्यात पन्नासावर कुळं, आपल्या मराठ्यांच्या देवकासारखं प्रत्येकाचं काहीतरी चिन्ह, आणि कुळाचा प्राणी त्या कुळानं खायचा नाही. न्सेनेने नावाचं कुळच आहे, ते नाकतोड्याला शिवत नाहीत. जन्मभर "का खात नाही" याची उत्तरं देऊन दमलेल्या माणसाला आयतं कारण मिळालं, मी हो म्हणून टाकलं.

तिथंच चुकलं. शेजारचा म्हातारा त्याच कुळाचा निघाला. त्यानं भाऊबंद म्हणून मिठी मारली, माझ्या आज्याचं, पणज्याचं नाव विचारलं आणि भावाच्या मानाला कोंबडी कापायला निघाला. म्हटलं कोंबडी चालत नाही. बकरं? नाही. मासा? नाही. गाय? शिव शिव. अंडं? तेही नाही. म्हातारा बोटं मोजत गेला, मग घरच्यांकडं वळून म्हणाला, "हा माणूस सगळ्याच कुळांचा आहे."

मग खाता तरी काय, म्हणून मी चटणीचा डबा आणला. त्यानं चमचाभर तोंडात टाकली. थोडा वेळ गप्प. मग तांब्याभर पाणी, मग अजून एक तांब्या, आणि डोळे पुसत म्हणाला, "हे मात्र आमच्या कुळात चालणार नाही."

येताना नालोंगोनं बरणीभर तळलेले न्सेनेने बांधून दिले. आमच्या हिनं बरणी घरात घेऊ दिली नाही, म्हणून थेट तालमीत नेली आणि टेबलाचे पाय सोडून सगळं खाणाऱ्यासमोर ठेवली. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "आज संकष्टी आहे बे."

संकष्टी परवाच झाली होती.