मनसा मुसाची श्रीमंती मोजणं आता पुरे

दर दोन-चार महिन्यांनी तो फॉरवर्ड फिरून येतो. मुकुट घातलेला काळा राजा, हातात सोन्याचा गोळा, वर मथळा: जगाच्या इतिहासातला सर्वात श्रीमंत माणूस, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा मनसा (म्हणजे राजा) मुसा. मग चारशे अब्ज डॉलर, मग मस्क-अंबानींशी तुलना, आणि शेवटी 'शाळेत हे शिकवत नाहीत' असा टोला.

शाळेत शिकवत नाहीत हे खरं. बाकीच्याचं जरा बघू. तो आकडा २०१२ साली सेलिब्रिटींची मालमत्ता छापणाऱ्या एका वेबसाइटने काढला. चौदाव्या शतकातल्या या राजाची तिजोरी कोणी मोजलेली नाही, आणि राज्याचा महसूल कुठे संपतो नि राजाचा खिसा कुठे सुरू होतो, हे खुद्द मुसालाही सांगता आलं नसतं. चित्रही मालीतलं नाही. मुसा गेल्यावर चार दशकांनी, १३७५ च्या सुमारास, युरोपातल्या मायोर्का बेटावरच्या नकाशाकारांनी ते ऐकीव माहितीवर काढलं.

मग खात्रीने काय माहीत आहे? १३२४ मध्ये मुसा हजला जाताना कैरोत थांबला. साधारण बारा वर्षांनी अल-उमरी नावाचा लेखक त्याबद्दल लिहीत होता, तेव्हाही कैरोवाले त्याच गप्पा मारत होते. एक मिस्काल सोनं, म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम, पूर्वी चांदीच्या २५ दिरहमच्या खाली येत नसे. मुसाने इतकं वाटलं की भाव २२ च्या खाली गेला आणि परत चढला नाही. मोठीच गोष्ट. पण आठवा हिस्सा भाव उतरला, याचं फॉरवर्डमधलं 'इजिप्तची अर्थव्यवस्था बुडवली' कसं होतं? साठ हजारांचा काफिला आणि सोन्याच्या काठ्या घेतलेले पाचशे गुलाम तर सतराव्या शतकात तिंबक्टूत लिहिलेल्या बखरींतले. तीनशे वर्षांत बखरीतलं सैन्य किती वाढतं, हे मराठी माणसाला कोणी वेगळं सांगायला नको. आणि परतीच्या वाटेवर मुसाकडचे पैसे संपले, त्याने कैरोच्या व्यापाऱ्यांकडून जबर नफ्याच्या बोलीवर कर्ज उचललं, ही माहितीही त्याच काळातली. ती मात्र फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

या एका माणसाच्या आड अख्खं माली झाकलं गेलंय, ही माझी खरी तक्रार. ज्यांचं ते राज्य होतं त्या मांदे लोकांच्या गाण्यात मुसाला फारसं स्थानच नाही. तिथले जेली, म्हणजे वंशपरंपरेने इतिहास मुखोद्गत ठेवणारे गायक (फ्रेंचांनी त्यांना ग्रिओ म्हटलं), गातात ते सुंजाता कैताला. लहानपणी पायांवर उभा राहू न शकणारा मुलगा, आई सोगोलोनसोबत परागंदा होतो, परत येतो आणि १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सोसोचा लोहार-राजा सुमाओरो कांते याला हरवून साम्राज्य उभं करतो. त्या सुमाओरोचा म्हणून जपलेला बालाफोन (भोपळे लावलेलं, लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आजही गिनीतल्या नियागासोलात कुयाते घराण्याकडे आहे. हे कुयाते म्हणजे कैता राजांचे जेली. राज्य गेलं, वाद्य आणि ते वाजवणारं घराणं टिकलं. मुसाने मात्र मांदेचं सोनं नेऊन परक्या शहरात उधळलं. जेलींनी त्याला बाजूला ठेवलं त्यामागे हेच असावं असं मला वाटतं.

शिवाय ते सोनं पुरतं राजाच्या मुठीत कधीच नव्हतं. बूरे आणि बांबुकच्या खाणी होत्या, पण खणणारे लोक आपापल्या देवांना मानणारे. उमरीने नोंदवलंय की त्यांचा एखादा गाव जिंकून तिथे इस्लाम आणला की सोनं निघणंच घटतं आणि शेजारच्या गावांतलं वाढतं. म्हणून मालीच्या राजांनी त्यांना त्यांच्या धर्मासकट तसंच सोडलं आणि खंडणीवर समाधान मानलं. धर्मवेड्या राजांच्या यादीत मालीला बसवणाऱ्यांनी आणि परधर्मसहिष्णुतेच्या यादीत बसवणाऱ्यांनीही हा व्यवहार नीट बघावा.

सोन्याइतकंच महत्त्व मिठाला होतं. सहाराच्या मधोमध तघाझात मिठाच्या लाद्यांची घरं, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, झाड औषधालाही नाही. राबणारे गुलाम. एक उंटभर मीठ मालीच्या उत्तर सीमेवरच्या वलातात ८ ते १० मिस्काल सोन्याला जाई, मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० ला. सोबत कवड्याही चालत, आणि त्या यायच्या मालदीवहून, म्हणजे आपल्याच समुद्रातून. हे सगळं लिहून ठेवणाऱ्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मालदीवमध्ये त्या गोळा होताना पाहिल्या होत्या. पुढे मालीच्या मुलुखात ११५० कवड्यांना एक सोन्याचा दीनार असा भावही त्याने टिपला. कवडीमोल म्हणायच्या आधी हा दर आठवावा!

इब्न बतूता आपल्याला तसा परका नाही. मुहम्मद बिन तुघलकाच्या चाकरीत असताना तो दौलताबादलाही येऊन गेला. दिल्लीत वर्षाला १२,००० दीनारांवर काझी होता. असा मुरलेला पाहुणा १३५२ मध्ये मुसाचा भाऊ मनसा सुलेमान याच्या दरबारी पोचला. राजाकडून भेट आलीय म्हणून निरोप आला. तो उठून उभा राहिला, वस्त्रं आणि पैसे असतील या आशेने. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात दही. तो हसत सुटला. काही महिने वाट पाहून भर दरबारात म्हणाला, मी जगभरच्या राजांना भेटलोय, इथे येऊन चार महिने झाले, तुम्ही मला काही दिलं नाहीत, आता इतर सुलतानांपुढे तुमच्याबद्दल काय सांगू? मग घर मिळालं, तनखा मिळाला, निघताना १०० मिस्काल सोनं मिळालं. सुलेमान कंजूष म्हणून कायमचा बदनाम झाला. मला तर तो मोठ्या भावाची उधळपट्टी निस्तरणारा माणूस वाटतो.

कारण याच कंजूष राजाबद्दल इब्न बतूता पुढे काय लिहितो? वाटेत चोराचं भय नाही. परका व्यापारी मेला तर त्याचा माल सरकारजमा होत नाही, वारस येईपर्यंत विश्वासू माणसाकडे राहतो. वलाताच्या अधिकाऱ्याने एका व्यापाऱ्याचा ६०० मिस्कालांचा माल घेऊन १०० टेकवायला बघितले. तक्रार राजापर्यंत गेली, व्यापाऱ्याला पैसे मिळाले आणि अधिकाऱ्याची नोकरी गेली. माझ्या लेखी मालीची श्रीमंती ही.

आणि तो ईदचा दरबार! राजा उंच बैठकीवर. त्याच्याशी थेट बोलायचं नाही, सगळं दुघा नावाच्या दुभाष्यामार्फत. दुघा बालाफोन वाजवत गातो आणि त्याला २०० मिस्काल सोनं मिळतं (पाहुण्यापेक्षा जेलीला दुप्पट!). मग पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचं लाकडी डोकं चढवलेले कवी पुढे येतात आणि राजाला सुनावतात: या बैठकीवर अमका राजा बसला, त्याने हे चांगलं केलं, तमका बसला, त्याने ते केलं, आता तूही असं काही कर की मागे तुझं नाव निघेल. नंतर त्यांच्यातला मुख्य कवी वर चढून राजाच्या मांडीवर डोकं टेकवतो. इब्न बतूताला हा पोरखेळ वाटला. मला नाही वाटत. सणाच्या दिवशी, सर्वांसमोर, राजाला त्याच्या पूर्वजांच्या मापाने मोजायचा हक्क एका जातीकडे होता आणि राजाला तो गुमान ऐकून घ्यावा लागत होता.

हो, जातच म्हणतोय. जेली, नुमु म्हणजे लोहार, गारांके म्हणजे चामड्याचं काम करणारे, हे सगळे न्यामाकाला. लग्नं आपापसात, धंदा बापाकडून मुलाकडे. त्यांच्या वर होरोन, म्हणजे जन्माने स्वतंत्र लोक, आणि सर्वांत खाली जोन, म्हणजे गुलाम. आपल्याकडच्या वर्णव्यवस्थेची छापील नक्कल तिथे शोधू नका. लोहाराची गरज असते तशी भीतीही असते, तोच सुंता करतो, त्याच्याकडे गूढ शक्ती आहे असं मानतात. आडनावा-आडनावांत तर चेष्टेचं नातं ठरलेलं आहे. आजही मालीत कुलिबाली आडनावाच्या अनोळखी माणसाला समोरचा बेधडक 'चवळीखाऊ' म्हणतो आणि दोघे हसतात.

इथे दुसरा फॉरवर्ड येतो: सुंजाताने कुरुकान फुगाच्या मैदानात जगातली पहिली मानवी हक्कांची सनद काढली, गुलामगिरी बंद केली. ही मांदे सनद २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली हे खरं. पण ४४ कलमांचा जो मजकूर फिरतो, तो १९९८ मध्ये गिनीतल्या कांकानला जेलींच्या तोंडून ऐकून जुळवलेला आहे. मौखिक परंपरेला मी कमी लेखत नाही, जेलींवर माझा उमरीइतकाच विश्वास आहे. फक्त वाचताना सोयीचं तेवढं वाचू नये. त्याच मजकुरात म्हटलंय की गुलामांना वाईट वागवू नका, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. तुम्ही गुलामाचे मालक आहात, त्याच्या झोळीचे नाही. गुलामांना सुट्टी देणाऱ्या सनदेत गुलामगिरी बंद झालेली नसते. (शिकारी मंडळांकडच्या पाठात बंदीची भाषा आहे, पण तो पाठ वेगळा.)

इब्न बतूता १३५३ मध्ये मालीहून निघून ताकेद्दाच्या तांब्याच्या खाणींकडे गेला. तिथून उत्तरेकडे परतताना तो ज्या काफिल्यात होता त्यात विकायला नेलेल्या ६०० दासी होत्या. त्याने त्यांच्यावर एक वाक्य खर्च केलं. दह्याच्या भोपळ्यावर कितीतरी जास्त.