शेवटचा चहा किती वाजता?

काका, नमस्कार.

‘आमचे वडील दिवसाला आठ कटिंग घेत, तरी नव्वदी पाहिली. तुम्ही उगाच पोरांना घाबरवता,’ असं तुम्ही, रात्री चहा पिऊन अभ्यासाला जागणाऱ्या मुलांवरचा माझा लेख वाचून, लिहिलंत. वडिलांचं वाचून आनंद झाला. चहाला विष मीही म्हणत नाही. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली सांगितलंय. आठ कटिंग त्यात सहज बसतात.

एक चूक मात्र माझीच. लेखात मी चहा आणि एनर्जी ड्रिंक एकाच दावणीला बांधले. कटिंग माणूस गप्पा मारत घेतो, कॅन दोन मिनिटांत रिकामा होतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं, म्हणजे पाव लिटरच्या कॅनमध्ये ७५. तो परिच्छेद आज दुरुस्त करते.

पण मूळ मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो कपांचा नव्हताच, वेळेचा होता. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी तीन वर्षं काढली. रात्री दहाला सगळे खाली उतरायचे, चहा घेऊन पुन्हा वर. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं डोळे जड होतात. ते मेंदूत जिथे चिकटतं, त्या जागा कॅफीन अडवून बसतं. शीण होता तिथेच राहतो, आपल्याला कळत नाही इतकंच. घेतलेल्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दहाला प्यायलेल्या चहातलं निम्मं पहाटे तीनलाही अंगात असतं. आणि दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. ज्या अभ्यासासाठी मुलं जागतात, त्याच्याच मुळावर हे जागरण येतं. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमचा नातू पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, असं तुम्हीच लिहिलंय. फोन कराल तेव्हा शेवटचा चहा किती वाजता घेतोस, एवढं त्याला विचारा. कमी करायचा म्हणाला तर एकदम तोडू देऊ नका. मी तसा तोडला होता. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की पुस्तक उघडवेना. ही डोकेदुखी चहा सुटल्यावर १२ ते २४ तासांत सुरू होते आणि कधी आठवडाभर रेंगाळते. दोन-तीन दिवसांआड एकेक कप कमी केला की त्रास बराच टळतो. सुरुवात रात्रीच्या कपापासून करायला सांगा.