"कोरोना संपला, आता नुसता पासपोर्ट उचला" या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर, प्रवासाच्या ग्रुपांवर, सगळीकडे फिरतोय. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की कोरोना अधिकृतपणे संपलाय त्यामुळे परदेशी जायला आता आरोग्याचा एकही कागद लागत नाही, लस घ्यायचीच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी घेतली तरी चालते, विमानातली हवा ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छ असते, प्रवास विमा ही निव्वळ लूट आहे आणि काही झालंच तर दूतावास बघून घेतो, रोजच्या गोळ्या बॅगेत टाका कोणी विचारत नाही, आणि पासपोर्टची मुदत परत येईपर्यंत असली की झालं, बाकी काही लागलं तर एअरलाइन सांगतेच. खाली अर्थातच "सगळ्यांना पाठवा".

हा मेसेज वाचून मला मनापासून काळजी वाटते. पहिल्यांदा परदेशी निघालेली माणसं, साठी ओलांडलेले काका-काकू, तान्हं बाळ घेऊन निघालेले आईबाप, हे सगळे असलं वाचून निर्धास्त होतात. आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक अशी आहे की ती ऐनवेळी विमानतळावर कितीही पैसे टाकले तरी दुरुस्त होत नाही. लसीला अंगात काम करायला दिवस लागतात, औषधाच्या परवानगीला आठवडे लागू शकतात, पासपोर्टचं तर विचारूच नका. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आरोग्याचा एकही कागद लागत नाही"

यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली कोरोनाची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ ला मागे घेतली. अमेरिकेने विमानात बसण्याआधीच्या टेस्टची अट १२ जून २०२२ ला काढली आणि परदेशी प्रवाशांसाठीची लसीची अट १२ मे २०२३ ला, कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ ला, जपानने २९ एप्रिल २०२३ ला, आणि चीनने टेस्टची अट ३० ऑगस्ट २०२३ पासून बंद केली. तेव्हा ते क्यूआर कोड आणि ७२ तासांचे रिपोर्ट गेले, हे खरंच.

पण गेले ते एका आजाराचे तात्पुरते नियम. त्याच्या कितीतरी दशकं आधीपासून चालत आलेले नियम जागेवरच आहेत. यलो फीव्हरचं (डासांमुळे पसरणारा विषाणूचा ताप) घ्या. घाना, युगांडा, काँगो लोकशाही प्रजासत्ताक अशा देशांत जाणाऱ्याकडे त्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, मग तो कुठूनही येवो. त्याहून कितीतरी जास्त देश ते कार्ड मागतात जर तुम्ही यलो फीव्हर असलेल्या देशातून येत असाल, आणि इथे लोक फसतात ते ट्रान्झिटमध्ये, कारण बरेच देश अशा विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर ते तिथे जाऊन आल्यासारखंच धरतात. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून लांबचा लेओव्हर घेतला आणि उतरल्यावर कार्ड मागितलं, तर क्वारंटाइनपासून परत पाठवण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

हज-उमराहला जाणाऱ्यांना मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) चार प्रकारांवरची लस (ए, सी, डब्ल्यू, वाय) पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ही अट कोणाच्या लहरीने आलेली नाही, २००० साली हजहून परतलेल्या यात्रेकरूंबरोबर या जंतूचा डब्ल्यू१३५ प्रकार अनेक देशांत पोचला आणि घरी बसलेल्या त्यांच्या नातेवाइकांनाही झाला. तसंच पोलिओचा प्रसार चालू असलेल्या काही देशांत ४ आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात तर बाहेर पडताना पोलिओ डोसचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि तो डोस निघायच्या ४ आठवडे ते १२ महिने आधीचा असावा लागतो.

आणि "आता परत तसं काही होणार नाही" हेही गृहीत धरू नका. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत केलेले बदल १९ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक देशांना लागू झालेत, त्यात "महासाथीची आणीबाणी" अशी नवी पायरीच ठेवलीय. म्हणजे नियम परत बदलू शकतात आणि ते तिकीट काढल्यानंतरही बदलू शकतात, म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा असं दोनदा बघायचं.

"लस आदल्या दिवशी घेतली तरी चालते"

नाही चालत. माझ्या मते सगळ्या मेसेजमधला हा सगळ्यात घातक भाग आहे.

यलो फीव्हरचं कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. नवव्या दिवशी उतरलात तर कार्ड हातात असून उपयोग नाही. (एक चांगली गोष्ट, ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुनी १० वर्षांची तारीख छापलेली कार्डंसुद्धा, त्यामुळे "रिन्यू करा" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.) ही जिवंत विषाणूची लस आहे, सगळ्यांना देता येत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना ती देत नाहीत, प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्यांना देत नाहीत, अंड्याची गंभीर ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं, आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणार असाल तर डॉक्टरशी नीट बोलून ठरवायचं असतं कारण त्या वयात दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामाचा धोका वाढतो. ज्यांना देता येत नाही त्यांना सूट दिल्याचं वैद्यकीय पत्र घेता येतं, पण ते समोरच्या देशाने मानलंच पाहिजे असं नाही, म्हणून तेही आधी विचारून ठेवा. शिवाय ही लस सगळ्या दवाखान्यांत नसते, ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते आणि तिथे अपॉइंटमेंट लागते.

आता गोवर. याच्याबद्दल कोणी बोलतच नाही आणि महासाथीचा खरा मागे राहिलेला हिशोब तोच आहे. लॉकडाऊनच्या काळात लसीकरण विस्कळीत झालं आणि एकट्या २०२१ मध्ये जगभरात जवळपास ४ कोटी मुलांचा गोवराचा एखादा तरी डोस चुकला. त्याचे परिणाम आता दिसतायत, श्रीमंत देशांतही. कॅनडाने १९९८ पासून राखलेला "गोवरमुक्त" दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. गोवर हवेतून पसरतो, आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथे दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि विमानतळाच्या रांगेपेक्षा त्याला सोयीची जागा कुठली. मोठ्यांना दोन डोस झालेत का ते माहीत नसेल तर डॉक्टरला विचारा, दोन डोसमध्ये २८ दिवसांचं अंतर लागतं. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी नेणार असाल तर अनेक देशांत डॉक्टर प्रवासाआधी एक जास्तीचा लवकरचा डोस देतात, आणि तो नेहमीच्या दोन डोसमध्ये मोजत नाहीत. आणखी एक, गोवराची लस आणि यलो फीव्हरची लस दोन्ही लागणार असतील तर त्यांत शक्यतो ४ आठवडे अंतर ठेवायला सांगतात. आदल्या दिवशी जाऊन हे कसं बसवणार, सांगा.

फ्लूच्या लसीला परिणाम दाखवायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा सीझन नाही म्हणून तिकडेही नसेल असं नसतं, दक्षिण गोलार्धात तो साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि उष्ण प्रदेशांत वर्षभर कधीही.

म्हणून प्रवासी-आरोग्याचे डॉक्टर निघायच्या ४ ते ६ आठवडे आधी या म्हणतात.

"विमानातली हवा ऑपरेशन थिएटरसारखी"

मोठ्या आधुनिक विमानांत हेपा फिल्टर असतात, ते अगदी बारीक कणांपैकी ९९.९७ टक्के अडवतात, आणि केबिनची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. हे आकडे खरे आहेत. पण फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी ती हवा शेजारच्याच्या नाकापाशी पोचते त्याचं काय? मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या जवळपास १० तासांच्या विमानात बिझनेस क्लासमध्ये एक खोकणारी प्रवासी होती. नंतरच्या तपासात १५ जण बाधित सापडले आणि त्यातले १२ तिच्याच केबिनमधले. फिल्टर बंद पडला होता अशातला भाग नाही, लांबचा प्रवास आणि जवळची सीट एवढं पुरलं, आणि तेव्हा मास्कची सक्तीही नव्हती.

शिवाय प्रवास म्हणजे फक्त आकाशातला वेळ थोडाच असतो. चेक-इनची रांग, सिक्युरिटी, गेटवरची गर्दी, एअरोब्रिज, बस, इमिग्रेशनचा हॉल, तिथे कुठला हेपा? वय झालेलं असेल, दमा असेल, केमो चालू असेल तर या सगळ्या ठिकाणी चांगला बसणारा एन९५ घालणं हा साधा शहाणपणा आहे आणि त्याला घाबरट म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

"विमा म्हणजे लूट, दूतावास बघतो"

दूतावास काय करतो? हॉस्पिटलांची यादी देतो, घरच्यांना कळवायला मदत करतो, पासपोर्ट हरवला तर तात्पुरता कागद देतो. हॉस्पिटलचं बिल सहसा भरत नाही. स्ट्रेचरवरून, सोबत डॉक्टर घेऊन परत आणायचं म्हटलं तर खर्च सामान्य कुटुंबाला झेपण्यापलीकडचा असतो, आणि नेमका तोच भाग विम्यात असावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा) तर किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय आणि मायदेशी आणण्याचं कव्हर बंधनकारकच आहे, त्याशिवाय अर्जच पुढे जात नाही.

मात्र विमा काढला म्हणजे सुटलो असंही नाही, पॉलिसी वाचायला लागते. तीन ठिकाणी बोट ठेवून बघा: महासाथ किंवा साथीचे आजार वगळलेत का, आधीपासूनचे आजार (बीपी, शुगर, हृदय) जाहीर केलेत का, आणि ज्या घटनेसाठी क्लेम करणार ती पॉलिसी घेतली तेव्हा आधीच बातम्यांत होती का. साथ जाहीर झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत बऱ्याचदा ती "माहितीतली घटना" म्हणून क्लेम नाकारतात, २०२० च्या सुरुवातीला असंख्य लोकांना हे कळलं ते तिकिटं रद्द झाल्यावर. म्हणून विमा तिकिटाबरोबरच काढावा. बीपीची गोळी लपवून हप्ता थोडा कमी होईल पण क्लेमच्या वेळी तीच गोळी तुमच्या रिपोर्टात निघेल.

"गोळ्या बॅगेत टाका, कोणी विचारत नाही"

विचारतात. जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं द्रव्य) असलेलं सर्दीचं औषध नेता येत नाही, आणि ॲम्फेटामिन (मेंदूला उत्तेजना देणारं द्रव्य) असलेल्या एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास) गोळ्या तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये कोडीनसारखी (अफूच्या जातीची वेदनाशामकं) औषधं नेण्याआधी परवानगी घ्यावी लागू शकते. घरी साधं वाटणारं खोकल्याचं औषध किंवा पाठदुखीची ट्रॅमॅडॉल दुसऱ्या देशाच्या कायद्यात अमली पदार्थ म्हणून मोडते, आणि मग "मला माहीत नव्हतं" हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही.

गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं कारण ब्रँड दर देशात वेगळा असतो, आणि प्रवासाला पुरून थोडी उरतील एवढ्या न्या, पण किती दिवसांच्या नेता येतात ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी नियंत्रित औषधांना साधारण ३० दिवसांची मर्यादा असते. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, ते गोठू शकतं आणि बॅग हरवली तर तुम्ही दुसऱ्या देशात इन्सुलिनशिवाय अडकता.

"पासपोर्ट चालू आहे ना, बाकी एअरलाइन सांगते"

हा मुद्दा लवकर संपतो. कितीतरी देशांना पोचण्याच्या दिवसापासून ६ महिने मुदत शिल्लक लागते. शेंगेनला बाहेर पडण्याच्या तारखेनंतर ३ महिने, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांतच दिलेला असावा लागतो. सिंगापूर आणि थायलंडला पोचण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं (थायलंडचं १ मे २०२५ पासून), दोन्ही सरकारी साइटवर फुकट आहेत, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

आणि एअरलाइन सांगते, हे खरंय, पण कधी? काउंटरवर. चुकीच्या कागदांचा प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत दंड एअरलाइनला होतो आणि परत आणायची जबाबदारीही तिचीच, म्हणून त्यांचे लोक तुमचे कागद टिमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये ताडून बघतात आणि बसत नसतील तर बोर्डिंग पास देत नाहीत. तेव्हा जाणार त्या देशाची आणि मध्ये उतरणार त्या प्रत्येक देशाची सरकारी साइट स्वतः बघा, एजंटने बघितली असली तरी.

ज्यांचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं आहे त्यांनी "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका, तरीही डॉक्टरकडे जा. हेपटायटिस ए चा पहिला डोस निघायच्या आधी कधीही घेतला तरी फायदा होतो, मलेरियाच्या काही गोळ्या (अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सीसायक्लिन) एक-दोन दिवस आधी सुरू करता येतात, फक्त परत आल्यावर पहिल्या ७ दिवस आणि दुसऱ्या ४ आठवडे चालू ठेवायच्या असतात आणि तिथेच लोक सोडून देतात. परत आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला, तरी डॉक्टरला कुठे जाऊन आलात ते न विचारता सांगा, कारण मलेरियाचे काही प्रकार वर्षभरानेही डोकं वर काढतात आणि प्रवासाचं माहीत नसेल तर त्याची तपासणी कोणाच्या मनातही येत नाही.