पाच मिलिमीटरचा वाद

नमस्कार,

‘स्टान्स २९ की ट्रान्स २९’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लांबलचक आहे, तिरकस आहे आणि अभ्यास करून लिहिलेली आहे, त्यामुळे ‘आभारी आहे’ एवढंच लिहून विषय मिटवणं बरं नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी वाद काय ते सांगतो. साताऱ्यातल्या एका वाचकासमोर दोन सायकली होत्या : शोरूममधली नवीकोरी जायंट स्टान्स २९ आणि जवळपास तेवढ्याच पैशांत पुण्यात मिळणारी, त्याच कंपनीची वापरलेली ट्रान्स २९. दोन्ही डोंगरी सायकली, पुढं आणि मागं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेल्या. मी म्हणालो, स्टान्स घ्या. त्यावर कराडहून तुम्ही लिहिलंत की ट्रान्सचं माएस्ट्रो हेच खरं सस्पेन्शन, स्टान्सचं फ्लेक्सपॉइंट म्हणजे पैसे वाचवायची तडजोड. ट्रान्स किलोभर हलकी. आणि मुळात साताऱ्यात फुल सस्पेन्शन हवंय कुणाला, हार्डटेल (म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली) पुष्कळ झाली. शेवटी टोला : ‘लाख-दीड लाख घालणाऱ्याला तुम्ही पंक्चरवाल्याच्या नजरेनं सल्ला देताय.’

हार्डटेलचं आधी उरकतो. मागच्या सस्पेन्शनची गरजच नसेल तर माएस्ट्रोसाठी एवढं भांडायचं कशाला, हे सोडून देऊ. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन यायचं असेल तर हार्डटेल सोडा, साधी हायब्रीडसुद्धा चालते, सगळा डांबरी रस्ता आहे. (कासला रस्ता सोडून पठारावर चाक घालायचं असेल त्यांनी माझा ब्लॉग वाचू नये. जांभ्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा, त्यात ती फुलं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कासही आहे. तिथं उमटलेली चाकोरी बुजत नाही.) पण ज्यानं प्रश्न विचारला होता तो चाळकेवाडीच्या बाजूला जातो. पवनचक्क्यांकडं जाणारे ते कच्चे रस्ते तुम्ही पाहिले असतील. सुटी खडी, पावसानं मधोमध कापलेल्या घळी, कुठं उघडा पडलेला कातळ. उतारावर कंबर वाचते हे तर झालंच, पण मागच्या सस्पेन्शनचा खरा फायदा तिथं चढावर कळतो. हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटून उडतं आणि उडालेल्या चाकाला पकड नसते; पॅडल मारलं की ते जागच्या जागी फिरतं. मागं शॉक (दणका शोषणारी, हवा भरलेली नळी) असला की चाक दगडावरून वर जाऊन लगेच जमिनीला टेकतं, तुम्ही बसून पॅडल मारत राहता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे पुरेसं कारण आहे.

आता मुख्य गोष्ट. कागदावर दोन्ही सायकली सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींना २९ इंची चाकं, दोन्हींची फ्रेम अॅल्युमिनियमची, पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा फोर्क दोन्हींना १३० मिलिमीटरचा. मागं स्टान्सला १२० आणि ट्रान्सला ११५ मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शनवर चाक जास्तीत जास्त तेवढं वरखाली होतं. जी स्वस्त मानली जाते तिलाच ट्रॅव्हल पाच मिलिमीटर जास्त. तुम्ही म्हणता, माएस्ट्रोचे ११५ हे फ्लेक्सपॉइंटच्या १२०पेक्षा भारी. मान्य. मी त्या लेखातही तेच लिहिलं होतं, फक्त तुमच्याइतक्या जोरात नाही.

भारी का, तेही सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ते ‘टेक्नॉलॉजी वेगळी आहे’ एवढ्यावरच सुटलंय. स्टान्सचा मागचा सांगाडा एका मुख्य सांध्याभोवती फिरतो. मागच्या चाकाच्या आसाजवळ वेगळा सांधा नाही, तिथं लागणारी थोडीशी हालचाल नळीच्या लवचिकपणातून मिळते. म्हणून मागचं चाक त्या एका सांध्याभोवती वर्तुळाच्या तुकड्यात वरखाली होतं. ट्रान्समध्ये मागचा त्रिकोण दोन आखूड लिंकांवर (जोडपट्ट्यांवर) तरंगतो, एक वर आणि एक खाली बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पॅडलचा आस बसतो तिथं, आणि चाकाचा मार्ग त्या दोघी मिळून ठरवतात. फरक कळतो तो मुख्यतः ब्रेक लावल्यावर. स्टान्समध्ये ब्रेकचं कॅलिपर (चकती दाबून धरणारा भाग) त्या फिरणाऱ्या सांगाड्यावरच बसलेलं, त्यामुळं मागचा ब्रेक जोरात दाबला की सस्पेन्शन थोडं खाली बसतं आणि ताठरतं. खडबडीत उतारावर ब्रेक धरून उतरणाऱ्याला मागून जास्त दणके बसतात. ट्रान्समध्ये हा त्रास बराच कमी. स्टान्सवर उपाय म्हणजे दगडांच्या आधीच वेग कमी करायचा आणि दगडांवरून जाताना मागचा ब्रेक मोकळा सोडायचा. हे शिकता येतं, पण शिकावं लागतं हे खरं.

एवढं मान्य करूनही मी स्टान्सच का म्हणालो? कारण तुम्ही ज्या फरकावर लिहिलंय त्याच्याहून मोठा फरक शॉकमधल्या हवेच्या एका चुकीनं पडतो. हिशेब करून बघा. सायकलवर बसल्यावर शॉक किती दबतो त्याला सॅग म्हणतात आणि मागं तो साधारण २५ ते ३० टक्के हवा. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलवर २५ टक्के म्हणजे ३० मिलिमीटर. हवा कमी पडली आणि सॅग ३५ टक्क्यांवर गेला की ४२. चाकाच्या जागेवर १२ मिलिमीटरचा फरक पडला, आणि आपण भांडतोय पाचवर. सॅग वाढला की सायकल मागं बसते, पुढचं चाक चढावर हलकं होऊन भरकटतं, पॅडल दगडांना लागतात आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉक शेवटपर्यंत जाऊन आपटतो. असा शॉक घेऊन माएस्ट्रो चालवली तर ती नीट हवा भरलेल्या स्टान्सपेक्षा वाईटच चालते.

हवा भरण्याचं काम अवघड नाही, पण आपल्याकडं ते कुणी करत नाही. शॉकमध्ये हवेची जागा इवलीशी आणि दाब बरेचदा दीडशे-दोनशे पीएसआयच्या घरात, त्यामुळं टायरच्या फ्लोअर पंपाचा उपयोग नाही, शॉक पंपच लागतो. हेल्मेट, पाण्याची बॅग, बूट, जे घालून चालवणार ते सगळं घालायचं. भिंतीला टेकून सायकलवर बसायचं, शॉकवरची रबरी कडी सीलला टेकवायची, आणि हिसका न देता हळूच उतरायचं. शॉकचा स्ट्रोक (तो पूर्ण दबतो ते अंतर) ५० मिलिमीटर असेल आणि कडी १४ मिलिमीटर सरकली असेल तर सॅग २८ टक्के, छान. फोर्कला १५ ते २० टक्के, म्हणजे १३० मिलिमीटरवर साधारण २० ते २६. एक गंमत लक्षात ठेवा : पंप काढून पुन्हा लावला की काटा आधीपेक्षा कमी दाब दाखवतो. हवा गळालेली नसते, शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत येते. हे माहीत नसल्यानं लोक ‘शॉक लीक आहे’ म्हणून घाबरतात. वापरलेल्या सायकलीत तर आधीच्या मालकाच्या वजनाची हवा, त्याच्याच मनानं फिरवलेला रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगानं परत येतो त्याचा) खटका, आणि तुम्ही त्यावर बसून म्हणता ‘माएस्ट्रो काय मऊ आहे!’

टायरचंही तसंच. ट्यूबलेस, सव्वादोन इंचांवरचा टायर आणि ७५-८० किलोचा माणूस असेल तर पंचवीसच्या आसपास पीएसआय पुरतात. आपल्याकडं चाळीस भरून मग सस्पेन्शनला शिव्या देतात.

किलोभर हलकी? धरून चालू. तुम्ही, सायकल, पाणी, सामान मिळून १०० किलो. त्यातला एक कमी झाला तर चढाला लागणारी ताकद एक टक्क्यानं कमी. दीड तासाच्या चढाईत एक मिनिटसुद्धा वाचत नाही. पुढचा मुद्दा.

पुढचा मुद्दा म्हणजे पंक्चरवाल्याची नजर, आणि इथं मी मुद्दाम रेंगाळणार आहे. साताऱ्यात जून ते सप्टेंबर काय असतं ते तुम्हाला कराडात बसून सांगायला नको. ट्रान्सची खालची लिंक नेमकी अशा जागी आहे, जिथं मागचं चाक सगळा चिखल आणून फेकतं. लाल माती आणि पाणी यांचा तो रबरबाट सीलच्या कडेनं आत गेला की बेअरिंग आधी कुरकुरतं, मग जडावतं, मग त्याच्यात खेळ येतो. स्टान्सलाही बेअरिंगं आहेत, पण कमी आहेत, आणि मुख्य सांधा खोलायला एक अॅलन की आणि थोडा धीर पुरतो. त्यातच आपली मंडळी सायकल मोटरसायकलींच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरनं धुतात. तो फवारा सांध्यावर धरला की उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं. बादली, पाण्याचा मग आणि जुना ब्रश, बास.

बेअरिंगाच्या सीलवर आकडा छापलेला असतो, ६९०० टू आरएस, ६९०२ टू आरएस असा. हा जगभर चालणारा आकडा आहे. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि रुंदी ७ मिलिमीटर, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. त्यामुळं औद्योगिक बेअरिंगच्या दुकानातही हे मिळतं. मात्र सायकलीच्या सांध्यांत मूळ बेअरिंग बऱ्याचदा गोळ्या वेगळ्या ठेवणारा पिंजरा नसलेलं, जास्त गोळ्या भरलेलं असतं, कारण ते पूर्ण फिरत नाही, जागच्या जागी थोडंसं डोलतं आणि सगळा भार मोजक्या गोळ्यांवर येतो. दुकानातलं साधं बेअरिंग बसेल, पण लवकर जाईल. ट्रान्सचा पूर्ण संच बदलायचा तर बेअरिंगं काढा-बसवायची प्रेस हवी. हातोडी आणि सॉकेट घेऊन ठोकणारे मेस्त्री आहेत, त्यांच्या हाती अॅल्युमिनियमची फ्रेम देऊ नका.

शॉक आणि फोर्कची गोष्ट वेगळीच. रॉकशॉक्स आणि फॉक्स या फोर्क-शॉक बनवणाऱ्या कंपन्या. रॉकशॉक्सचं म्हणणं, फोर्कच्या खालच्या नळ्या ५० तास चालवल्यावर उघडून साफ करा, तेल बदला. फॉक्सचं म्हणणं १२५ तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. वापरलेल्या सायकलीचे तास कोण मोजतंय? विकणारा ‘फारशी चालवलीच नाही’ म्हणतो, आणि तसं न म्हणणारा विक्रेता अजून जन्मायचाय. फोर्कचं खालचं काम घरी करता येतं, पण शॉकच्या डॅम्परला (हालचाल आवरणाऱ्या तेलाच्या भागाला) आत गॅसचा दाब असतो. त्याला खास हत्यारं लागतात, म्हणजे पुण्याला पाठवणं आलं, आणि तोवर सायकल भिंतीला टेकून. हा खर्च आणि हे दिवस तुम्ही ट्रान्सच्या किमतीत धरले नाहीत. फ्रेमची आजीवन हमी मूळ मालकापुरती असते, हेही धरलं नाही. नव्या स्टान्सचे तास शून्यापासून मोजायचे आणि हमी तुमच्याच नावावर. मी तुलना केली ती या दोन प्रत्यक्ष सायकलींची, माएस्ट्रो आणि फ्लेक्सपॉइंट या दोन आकृत्यांची नव्हे.

तुम्ही विचारलंय, ‘दोन्ही नव्या असत्या आणि किंमत सारखी असती तर?’ मग ट्रान्स. डोळे झाकून. तिथं माझा-तुमचा वादच नाही.

आता तुमचा शेवटचा परिच्छेद, जो तुम्ही जाता जाता लिहिलाय आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुमची उंची ५ फूट ६ इंच, आणि तुम्हाला एक वापरलेली ट्रान्स चांगल्या भावात मिळतेय, पण लार्ज आहे, ‘स्टेम आखूड करून चालेल ना?’ नाही चालणार. स्टेम म्हणजे हँडल फोर्कला जोडणारा तुकडा. स्टेमनं हँडल जवळ येईल, फ्रेम लहान होणार नाही. सीटखालची फ्रेमची नळी उंच राहील, ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट वरखाली करणारा दांडा) पूर्ण खाली जाणार नाही आणि उतारावर मागं सरकायला जागाच उरणार नाही. मिडियम मिळत असेल तर जरूर बघायला जा. जाताना शॉक पंप न्या. सीट धरून सायकल मागून अलगद उचला-टेकवा; टकटक जाणवली तर सांध्यात किंवा शॉकच्या बुशमध्ये खेळ आहे. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागंपुढं हलवा, तिथंही टकटक नको, फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर भाव पाडा किंवा परत या. सांध्यांच्या जवळची वेल्डिंगं पुसून उजेडात बघा. मूळ बिल मागा. आणि त्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला अडकवणारा तुकडा) कुठला ते विचारून एक जादा मागवून ठेवा, तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो आणि साताऱ्यात किंवा कराडात ऐनवेळी मिळणार नाही.