विसावा फर्मा

२९२ व्या पृष्ठावर सात ओळी. खाली वेलबुट्टीचं चित्र. समाप्त.

आणि हातात अजून उजव्या बाजूला चांगला जाडसर गठ्ठा! कादंबरी पुरवून पुरवून वाचणं चालू होतं, पुस्तक ३२० पृष्ठांचं. म्हणजे २९१ संपवताना हिशोब काय होता? २९ पृष्ठं शिल्लक, रोज पाच, शेवटच्या दिवशी चार, सहा दिवस सहज पुरतील. सहा दिवसांचा शिधा बांधून ठेवलेला आणि पान उलटलं तर सात ओळींत खेळ खलास. समोर २९३ वर ‘परिशिष्ट : बोलीतील शब्दांचे अर्थ’. कादंबरी अख्खी वाचून झाल्यावर अर्थ सांगताय? ते पुढे घालायला कोणी मनाई केली होती?

बरं, ते २९८ ला संपतं. २९९ वर लेखकाची ग्रंथसंपदा, ३०० कोरं. आणि ३०१ पासून थेट ३२० पर्यंत ‘आमची निवडक प्रकाशने’. निवडक! वीस पृष्ठं! योगासनं, मधुमेहींसाठी पाककृती, स्पर्धा परीक्षा, शेअर बाजार, पुन्हा योगासनं.

‘फर्मा भरायला लागतो हो’ असं कोणी सांगायला येऊ नये. फर्मा आम्हालाही कळतो. एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या सोळा पृष्ठांचा एक फर्मा, मजकूर मधेच संपला तर उरलेली पृष्ठं कोरी जातात, म्हणून तिथे जाहिरात टाकतात. मान्य. पण १९ फर्म्यांची ३०४ पृष्ठं होतात. मजकूर, परिशिष्ट, ग्रंथसंपदा सगळं ३०० त बसलं होतं. चार उरत होती, त्यात छापा ना काय ती योगासनं, कोण नको म्हणतंय. इथे विसावा फर्मा अख्खाच्या अख्खा मुद्दाम जोडलाय. त्याचा कागद, छपाई, घडी सगळं धरूनच किंमत ठरते, म्हणजे यांच्या जाहिरातीचे पैसे आपण मोजायचे आणि वर फसायचंही आपणच. दिवाळी अंकात काय कमी जाहिराती असतात? पण त्या पहिल्या पानापासून उघड्या छातीने असतात. शेवटाला दबा धरून बसत नाहीत.

या लोकांना कळतच नाही की वाचणारा अंगठ्याने वाचतो. उजव्या अंगठ्याखाली किती कागद उरलेत, हे डोळ्यांच्या आधी त्याला कळतं. चौदा कागद म्हणजे फार तर दीडेक मिलिमीटर, पण तेवढ्या दीड मिलिमीटरवर सगळी मदार असते. जेन ऑस्टेनला हे ठाऊक होतं. १८१७ च्या अखेरीस आलेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’च्या शेवटच्या प्रकरणात ती वाचकाची थट्टाच करते, की उरलेली पानं बघून गोड शेवट जवळ आलाय हे तुम्ही ओळखलंच असेल. दोनशे वर्षं झाली. आमच्याकडे अजून अंगठ्याला योगासनं.

आता खरं सांगायचं तर अनुक्रमणिकेत स्वच्छ छापलं होतं : परिशिष्ट, २९३. पहिल्याच दिवशी बघितलं असतं तर हे रामायण घडलंच नसतं. पण अनुक्रमणिका बघायची नाही हा आपलाच नियम. का, तर प्रकरणांची नावं चुगली करतात. ‘अखेरचा प्रवास’ असं शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं नाव असल्यावर राहिलं काय? म्हणजे सावधगिरीपायीच गळा कापला गेला. असो. राग कमी झालेला नाही.

कारण प्रस्तावना! वीस पृष्ठांच्या प्रस्तावनेत ‘नायिकेचा मृत्यू हा या कादंबरीचा उत्कर्षबिंदू’ असं बिनदिक्कत लिहिणारे महाभाग कुठे भेटले तर त्यांना एकच विचारायचंय : ती मागे छापली असती तर तुमचं मानधन कापलं असतं का? मलपृष्ठाची तीच गत. आणि वाचनालयातल्या प्रतीवर शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने ‘अपेक्षितच होतं’ लिहून जाणारे ते काका! रबराने खोडलं तरी उमटलेलं दिसतं.

ई-रीडर घ्या म्हणे. तिथे टक्के दाखवतात. ८९ टक्क्यांवर पुस्तक संपतं, कारण उरलेल्या अकरांत त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण कोंबलेलं. म्हणजे विसावा फर्मा इथेही आहेच, नुसता कागद वाचला. खाली कोपऱ्यात ‘या प्रकरणाची ४ मिनिटं बाकी’. अरे, दवाखान्यात बसलोय का आपण? ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, करा. आणि शेवटची ओळ वाचून नुसता श्वास सोडावा तर पाच तारे समोर नाचतात. मत द्या, मत द्या. सुतक तरी संपू द्या!

घरच्यांचं तर बोलायलाच नको. ‘एवढंसं तर राहिलंय, टाक की संपवून.’ श्रीखंडाच्या शेवटच्या वाटीबद्दल हेच बोलून बघा. त्यात कोणीतरी मानसशास्त्रज्ञ झायगार्निकचं नाव काढतं, अर्धवट राहिलेलं जास्त लक्षात राहतं म्हणून. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत लोकांना काम करताना मधेच अडवलं होतं. आम्हाला कोणी अडवलेलं नाही, आम्ही आपणहून अडून बसलोय. आणि वर्षाला ५२ पुस्तकं मोजणाऱ्यांनी या वाटेला येऊच नये.

पुरवून वाचण्यातही अक्कल लागते. प्रकरण संपल्यावर थांबू नये, तिथे लेखकाने मुद्दाम गळ लावलेला असतो, थांबवतच नाही. एखाद्या निवांत वर्णनाच्या अधेमधे थांबावं. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, नाहीतर मावशी कोण आणि आत्या कोण तेच आठवत नाही आणि वीस पृष्ठं मागे जावं लागतं (हा तोटा की फायदा, ज्याचं त्याने ठरवावं). आणि पुस्तक पालथं घालून ठेवू नये, कधीच नाही. हल्लीच्या बहुतेक पुस्तकांच्या बांधणीत शिलाई नसते. कण्याकडची कड तासून गरम डिंक लावतात, प्रत्येक कागद सुटा त्या डिंकावर उभा. एकाच जागी पंधरा दिवस पालथं ठेवलं की डिंकाला तिथेच चीर जाते. म्हणजे जिथे थांबलो नेमकं तेच पान निखळून हातात येतं. सांगायला नको, २९१-२९२ चा कागद आत्ता सुटा आहे. त्या सात ओळी खुशाल फ्रेम करून लावता येतील.

विसावा फर्मा मात्र मजबूत. एक कागद हलत नाही.

आता ती यादीच वाचणं चालू आहे. रोज दोन पृष्ठं. ३१४ झालं. ३२० वर कापून पाठवायचं मागणीपत्रक आहे, त्याला इतक्यात हात लावायचा नाही.