एमजीबीच्या बोअरबद्दल फिरणाऱ्या मेसेजविषयी खुलासा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार; बोअर म्हणजे तिच्या इंजिनातल्या सिलिंडरचा आतला व्यास. सातारा-सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'एमजीबीचं बोअर दीड मिलिमीटर वाढवा. १८०० ची गाडी २००० सीसीची होते, ताकद दीडपट. इंजिन तेच, त्यामुळे आरटीओचा प्रश्न नाही.' हे चुकीचं आहे.

आकडेमोड कोणीही करून बघावी. मूळ बोअर ८०.२६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिमी, सिलिंडर चार. कंपनीचा आकडा १७९८ सीसी. बोअर ८१.७६ केलं तर होतात सुमारे १८६७. म्हणजे चार टक्केसुद्धा वाढ नाही. हेड (सिलिंडरवरचं झाकण), वॉल्व्ह, कॅम, कार्बोरेटर तेच राहिले तर ताकद दीडपट येणार कुठून? उलट सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढच्या बोअरिंगला धातू कमी उरतो. खंबाटकी किंवा पसरणी घाट चढायला खालच्या आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. माझ्या मते झीज असेल तेवढंच बोअर करावं आणि पैसे हेडच्या कामावर, रेडिएटरवर घालावेत. जुनं ब्लॉक पुन्हा मिळत नाही हो.

राहिला कायदा. सीसी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठीच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमांतही गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. त्यामुळे ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी आपल्या आरटीओत विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.