डोळे उघडेच आहेत हो!

"डोळे उघडा."

"उघडेच आहेत."

"जरा अजून."

कालच्या ओळखपत्राच्या फोटोची ही कथा. कॅमेऱ्यामागचा मुलगा जेमतेम पंचविशीचा. पापणी वर ओढणाऱ्या स्नायूचा दोर वयाबरोबर सैल पडतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? माझ्या पापण्या अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारख्या झाल्यात.

तेवढ्यात रांगेतले एक आजोबा, कुणी न बोलावता, पुढे आले आणि माझ्या डोळ्यांत वाकून बघू लागले.

"बुबुळाभोवती पांढरट कडं आलंय तुमच्या. वय?"

"बावन्न."

"लवकरच आलं की! मला साठीनंतर आलं. पण हे बघा," म्हणत त्यांनी दोन बोटांनी स्वतःचा डोळा ताणला, "पूर्ण गोल!"

होतं खरं. माझी अजून वर एक कोर आणि खाली एक कोर.

"भरेल, भरेल," त्यांनी धीर दिला. "कोलेस्टेरॉल?"

"तपासलंय. ठीक आहे."

आजोबा चक्क हिरमुसले.

ते कडं म्हणजे चरबीच, पण निरुपद्रवी. नजरेला त्याचा त्रास नाही. चाळिशीच्या आत दिसलं तर मात्र रक्त तपासून घ्यावं. डोळ्यांखालच्या पिशव्यांतही चरबीच. मुळात ती खोबणीत डोळ्याची गादी म्हणून बसलेली असते. पुढचा पातळ पडदा ढिला पडला की बाहेर डोकावते. एवढं अवाढव्य शरीर दिलंय तिला, पण हिला खिडकीतच बसायचंय!

आणि लोक? आठ तास घोरून उठलं तरी "जागरण झालं का?" परवा एकानं हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" गुडघा दुखतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. मी थकलेलो नाही, रडलेलो नाही, माझा चेहराच आता असा आहे, हे दिवसातून किती वेळा सांगायचं? सांगून सांगून मात्र खरंच थकायला होतं.

शेवटी भुवया कपाळाला टेकवून फोटो काढला. त्यात मी नुकतंच भूत पाहिलेला माणूस दिसतो.

मग आजोबा बसले. "वा, डोळे एकदम छान उघडे!" मुलगा म्हणाला. एका फटक्यात फोटो.

जाता जाता आजोबा माझ्या कानाशी लागले. "दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून वरच्या पापण्या उचलून घेतल्या. तुम्हाला मघाशी सांगणारच होतो, पण तुम्हाला झोप आलेली दिसली."